रुग्णालयाच्या व्यवस्थापनासाठी डेटा-मानकं: पहिल्या बैठकीपासून मानक-समुदायापर्यंत

रुग्णालयात नवीन एचआयएस, म्हणजे रुग्णालयाचं सगळं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं की व्हेंडरचा डेमो होतो. बिलिंगचा स्क्रीन, ओपीडीचा स्क्रीन, फार्मसीतला साठा, संचालकांच्या मोबाईलवर दिवसभराचं कलेक्शन असं सगळं दाखवलं जातं. मग घासाघीस होते, वार्षिक देखभालीचे टक्के ठरतात आणि सह्या होतात. एक प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. हाच रुग्ण उद्या दुसऱ्या रुग्णालयात गेला, किंवा काही वर्षांनी आपणच हे सॉफ्टवेअर बदललं, तर त्याची नोंद इथून कोणत्या रूपात बाहेर पडणार?

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे डेटाची मानकं, म्हणजे नोंद कशी लिहायची आणि पाठवायची याचे सगळ्यांनी मान्य केलेले नियम. माझं ठाम मत आहे की हा विषय आयटी विभागावर सोडून देण्यासारखा नाही. करारावर सही ज्यांची, खरेदीचा निर्णय ज्यांचा, डॉक्टरांचा वेळ कुठे जावा हे जे ठरवतात, त्यांना या मानकांची कामापुरती तरी ओळख हवीच. शिवाय ही मानकं जिथे लिहिली आणि दुरुस्त केली जातात तिथे आपल्या रुग्णालयाचं माणूस बसलेलं हवं, नाहीतर परदेशातल्या किंवा दिल्लीतल्या मोठ्या संस्थांच्या गरजा पाहून केलेले नियम आपण नुसते पाळत राहू.

हा लेख त्या आयटी प्रमुखासाठी, गुणवत्ता व्यवस्थापकासाठी किंवा या विषयात रस असलेल्या डॉक्टरसाठी आहे, ज्याला आपल्या विश्वस्तांना, सीईओंना किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंटना हे समजावून सांगायचं आहे. व्यवस्थापनातल्या कुणी थेट वाचला तर उत्तमच.

पायरी पहिली: आपल्याच लॅबचे कागद गोळा करा

संचालकांपुढे मानकांची व्याख्या घेऊन जाऊ नका, आपल्या रुग्णालयातला पुरावा घेऊन जा. त्यासाठी सर्वांत सोपी तपासणी म्हणजे प्लेटलेट काउंट. डेंग्यूच्या हंगामात कुठल्याही फिजिशियनच्या टेबलावर एकाच रुग्णाचे तीन लॅबचे तीन रिपोर्ट असतात. पहिल्या दिवशी तालुक्याच्या लॅबने लिहिलेलं असतं १.४, आणि बाजूला ‘लाख’. दुसऱ्या दिवशी शहरातल्या लॅबच्या मशीनने छापलेलं असतं ९८, कारण ते मशीन हजारात मोजतं. तिसऱ्या दिवशी आपल्या लॅबचा आकडा असतो ७२,०००.

डॉक्टरला क्षणात कळतं की प्लेटलेट घसरताहेत, एक लाख चाळीस हजारांवरून बहात्तर हजारांवर आल्या आहेत. आता हेच तीन आकडे जसेच्या तसे संगणकात भरा आणि आलेख काढा. १.४, ९८, ७२०००. रेषा चढत जाते. रुग्ण खाली चालला आहे आणि स्क्रीन सांगतो आहे की सुधारतो आहे. ‘शंभरच्या खाली गेलं की इशारा दे’ असा नियम लावला असेल, तर पहिल्या दिवशी इशारा विनाकारण वाजेल आणि तिसऱ्या दिवशी, खरी गरज असताना, तो गप्प राहील.

उपाय दोन साध्या गोष्टींत आहे. एक, तपासणीला जगभर एकच ओळख क्रमांक द्यायचा. लॉइंक या संकेतप्रणालीत यंत्रावर केलेल्या प्लेटलेट काउंटचा क्रमांक आहे ७७७-३. दोन, आकड्यासोबत एकक लिहायचंच आणि तेही ठरलेल्या पद्धतीने. एककांच्या लेखनासाठी यूकम नावाचं मानक आहे. एक मायक्रोलिटरमागे हजार, असं एकक ठरवलं की तिन्ही रिपोर्ट १४०, ९८ आणि ७२ असे येतात आणि रेषा खाली जाते.

तुमच्याकडचे असे कागद गोळा करा. रुग्णाचं नाव, नंबर, बारकोड सगळं झाका. एका पानावर तीन रिपोर्ट आणि खाली चुकीचा व बरोबर असे दोन आलेख. या एका पानाइतका परिणाम कुठल्याच सादरीकरणाचा होत नाही, कारण ते आपल्याच घरातलं असतं.

दुसरं उदाहरण रुग्णाच्या ओळखीचं घ्या. आपल्याकडे नोंदणीच्या काउंटरवर किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते एमआरडीकडून (वैद्यकीय नोंदी सांभाळणाऱ्या विभागाकडून) काढून घ्या. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली ही तारीख महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीच्या कागदपत्रांवर आहे. ज्यांना फक्त वय ठाऊक असतं त्यांच्यासाठी काउंटरवरचा ऑपरेटर बहुधा १ जानेवारी टाकतो, कारण सॉफ्टवेअर रकाना रिकामा सोडू देत नाही. त्यात आडनावाची इंग्रजी स्पेलिंग दर भेटीला बदलते, लग्नानंतर नाव बदलतं, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं येतं. मग एकाच बाईंच्या तीन फायली तयार होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन बायकांची एक फाईल होते. फायर या आरोग्य-नोंदी पाठवण्याच्या मानकात जन्मतारखेच्या जागी नुसतं साल लिहिलेलं चालतं. म्हणजे मानक खोटी तारीख मागत नाही, ती आपल्या सॉफ्टवेअरचा स्क्रीन मागतो. हे संचालकांना दाखवलं की दोष कुठे आहे आणि दुरुस्ती कुठे करायची, दोन्ही कळतं.

पायरी दुसरी: मानकांची नावं त्यांच्या कामानुसार लावा

व्यवस्थापनातली माणसं गोंधळतात ती नावांच्या गर्दीने. म्हणून प्रत्येक नाव एका प्रश्नाखाली बसवा.

कशाबद्दल बोलतोय? हे संकेतप्रणालींचं काम. लॉइंक तपासण्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रिगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने ती १९९४ मध्ये सुरू केली, आज तिच्यात एक लाखाहून जास्त संज्ञा आहेत आणि ती मोफत वापरता येते. स्नोमेड सीटी आजार, लक्षणं, शस्त्रक्रिया, औषधं अशा वैद्यकीय नोंदींसाठी आहे आणि तिच्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत. आयसीडी जागतिक आरोग्य संघटनेची, मुख्यतः आकडेवारी आणि दाव्यांसाठी. टाइप-२ मधुमेह स्नोमेडमध्ये ४४०५४००६ आहे आणि आयसीडी-१० मध्ये ई११. दोन्ही लागतात. डॉक्टरने नोंद बारकाईने करावी ती स्नोमेडमध्ये आणि टीपीएकडे (विमा-दावे हाताळणाऱ्या कंपनीकडे) जावी ती आयसीडीत. ‘आमच्याकडे आयसीडी आहे, मग स्नोमेड कशाला’ हा प्रश्न बैठकीत येणारच, त्याचं उत्तर हे.

कोणत्या साच्यात पाठवतोय? इथे एचएल-सेव्हन ही संस्था येते. ती १९८७ पासून काम करते आहे. तिचं जुनं मानक, व्हर्जन टू, उभ्या रेघांनी तोडलेल्या ओळींचं असतं आणि तुमच्या लॅबच्या मशीनपासून एचआयएसपर्यंत आजही बहुधा तेच धावतं आहे. ते टाकाऊ नाही, बदलायची घाई करू नका. नवं मानक फायर. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये त्याची सुरुवात केली. इंटरनेटवरची बाकीची सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात त्याच पद्धतीवर ते उभं आहे, त्यामुळे नवा प्रोग्रॅमरही ते लवकर शिकतो. रुग्ण, भेट, निरीक्षण, औषध-आदेश असे त्याचे छोटे छोटे घटक आहेत. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमांसाठी डायकॉम आहे. ते १९९३ पासून त्या नावाने चालू आहे आणि तुमच्या पॅक्समध्ये, म्हणजे या प्रतिमा साठवणाऱ्या यंत्रणेत, आधीच आहे.

कुणाच्या परवानगीने आणि कुठल्या वाटेने? याचं भारतातलं उत्तर म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन (एबीडीएम). त्याला पुढची पायरी पूर्ण द्यावी लागेल.

पायरी तिसरी: भारतातला आराखडा व्यवस्थापनाला नीट माहीत हवा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं प्रथम २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत ती आधी चालवून पाहिली गेली, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ती देशभर लागू झाली. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती चालवतं.

तिचे तुकडे असे आहेत. रुग्णाचा चौदा अंकी आभा क्रमांक. रुग्णालयांची नोंदवही आणि डॉक्टर-नर्सची नोंदवही. नोंद देणारा, नोंद मागणारा, आणि दोघांच्या मध्ये रुग्णाची संमती सांभाळणारी यंत्रणा. रुग्णाची नोंद कुठल्याही मध्यवर्ती सरकारी गोदामात जाऊन पडत नाही, ती तुमच्याकडेच राहते आणि रुग्णाने संमती दिली की तेवढीच पुढे जाते. ही गोष्ट विश्वस्तांना दोनदा सांगा, कारण बहुतेकांची पहिली भीती हीच असते.

सॉफ्टवेअरच्या बाजूने तीन टप्पे आहेत. एम-वन म्हणजे आभा काढणं आणि पडताळणं. एम-टू म्हणजे आपल्याकडच्या नोंदी आभाला जोडून देऊ शकणं. एम-थ्री म्हणजे संमतीने दुसरीकडच्या नोंदी मागवून पाहू शकणं. बरीच रुग्णालयं एम-वनवर थांबतात. ओपीडीच्या दारात क्यूआर लागतो, रुग्ण स्कॅन करून टोकन घेतो, रांग कमी होते, फोटो निघतो. हे चांगलंच आहे, पण यात वैद्यकीय नोंद कुठेच हललेली नाही. तुमचा व्हेंडर ‘आम्ही एबीडीएम-सक्षम आहोत’ म्हणाला, तर कोणत्या टप्प्यापर्यंत, हे लगेच विचारा.

एम-टूमध्ये नोंद ज्या साच्यात द्यायची तो साचा फायरच्या आर-फोर आवृत्तीवर बेतलेला आहे आणि तो आपल्या पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतल्या एनआरसीईएस या राष्ट्रीय संसाधन केंद्रात तयार होतो. ओपीडीची नोंद, प्रिस्क्रिप्शन, तपासणी-अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण, वेलनेस आणि ‘आरोग्य दस्तऐवज’ असे त्यात वेगवेगळे नमुने आहेत. आर-फाइव्ह ही पुढची आवृत्ती २०२३ मध्ये आली आहे. व्हेंडर तिचं कौतुक करत असेल तर करू द्या, भारतातल्या कामाला आज आर-फोर लागतं.

आता या सगळ्यातला मोठा सापळा. ‘आरोग्य दस्तऐवज’ हा नमुना जुनी कागदपत्रं स्कॅन करून पाठवता यावीत म्हणून आहे. व्हेंडर काय करतो, तर रोजचा ताजा लॅब रिपोर्टही पीडीएफ करून फायरच्या वेष्टनात घालतो आणि पाठवतो. चाचणी उत्तीर्ण होते, डॅशबोर्डवर आकडा वाढतो. पण आत ७७७-३ नाही, एकक नाही, आकडासुद्धा आकडा म्हणून नाही, आहे ते फक्त कागदाचं चित्र. समोरच्या डॉक्टरला ते उघडून डोळ्यांनी वाचावं लागतं आणि आपला तो प्लेटलेटचा आलेख काढता येत नाही तो नाहीच. जुन्या फायलींसाठी पीडीएफ चालेल. जी माहिती आपल्याच मशीनमधून आकड्यात जन्मते तिचं चित्र करून पाठवणं व्यवस्थापनाने खपवून घेऊ नये.

पायरी चौथी: बैठक कशी घ्यायची

दीड तास मागा आणि तेवढ्यातच संपवा. सीईओ किंवा विश्वस्त, मेडिकल सुपरिंटेंडेंट, लॅबप्रमुख, मेट्रन, लेखा विभाग, एमआरडी आणि आयटी एवढी माणसं हवीत. व्हेंडरला या पहिल्या बैठकीला बोलावू नका. तो आला की चर्चा त्याच्या उत्पादनाकडे वळते.

सुरुवात प्लेटलेटच्या पानाने करा. मग १ जूनच्या यादीने. त्यानंतर प्रत्यक्ष फायर दाखवा. त्याला पैसे लागत नाहीत. हॅपी नावाचा मुक्त-स्रोत फायर सर्व्हर सार्वजनिक चाचणीसाठी खुला आहे आणि सिंथिया हे मुक्त साधन काल्पनिक रुग्णांच्या नोंदी तयार करून देतं. ब्राउझरमध्ये एक रुग्ण उघडा, त्याचं एक निरीक्षण उघडा आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवा: हा तपासणीचा क्रमांक, हा आकडा, हे एकक, ही वेळ, हा रुग्णाचा दुवा. संचालकांनी एकदा आपल्या डोळ्यांनी हे पाहिलं की पुढे कुणी त्यांना भारी शब्दांनी गप्प करू शकत नाही. त्या सार्वजनिक सर्व्हरवर खऱ्या रुग्णाची एकही ओळ टाकायची नाही, हे मात्र आयटीच्या मुलांना आधीच बजावून ठेवा. तिथे टाकलेलं सगळं जगाला दिसतं.

प्रत्येकाला त्याच्या कामाचं काही मिळालं पाहिजे. लेखा विभागाला आरोग्य दाव्यांच्या राष्ट्रीय एक्स्चेंजबद्दल सांगा. तिथेही दावे फायरच्या साच्यात जातात, त्यामुळे कॅशलेससाठी आज पोर्टलागणिक माहिती भरण्याचं जे काम करावं लागतं ते कमी होण्याची वाट त्यातूनच जाते. मेट्रनना सांगा की बदली होऊन आलेल्या रुग्णाच्या ॲलर्जी आणि चालू औषधं पुन्हा पहिल्यापासून विचारून लिहावी लागणार नाहीत. विश्वस्तांना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगा. संमती कुणी, कधी, कशासाठी दिली याची नोंद ठेवणं ही आता चांगुलपणाची बाब राहिलेली नाही.

संमतीचा मुद्दा निघाला की काउंटरवरच्या भाषेबद्दलही बोला. रुग्णाच्या मोबाईलवर संमतीची विनंती येते तेव्हा ‘ओटीपी सांगा’ एवढंच म्हणून काम उरकलं जातं. ही संमती नव्हे. कुठल्या नोंदी, कुणाला, किती दिवसांसाठी आणि नको असेल तर ती परत कशी घ्यायची, हे साध्या मराठीत चार वाक्यांत सांगणारा कागद काउंटरवर लावा आणि ऑपरेटरकडून तो म्हणवून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवायचा.

बैठकीच्या शेवटी एकच ठराव मागा: पुढच्या तीन महिन्यांत आपल्या लॅबमधल्या सर्वांत जास्त होणाऱ्या पन्नास तपासण्यांना लॉइंक आणि यूकम लावायचं, आणि त्यासाठी एक डॉक्टर व एक तांत्रिक माणूस नावानिशी नेमायचा. मोठा आराखडा, समित्या, सल्लागार हे सगळं नंतर. पन्नास तपासण्यांत बहुतेक रुग्णालयांचं रोजचं बरंचसं काम येतं आणि हे काम लॅबप्रमुखाशेजारी बसूनच होतं. ‘शुगर’ एवढंच लिहून भागत नाही. रक्तातली की लघवीतली, उपाशीपोटी की जेवणानंतर, प्लाझ्मा की बोटातून ग्लुकोमीटरवर, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टच लागतो.

पायरी पाचवी: करारात काय मागायचं

नूतनीकरण जवळ आलं असेल तर ही पायरी आधी घ्या. व्हेंडरकडे लेखी मागायच्या गोष्टी:

– एबीडीएमच्या कोणत्या टप्प्यांची चाचणी पूर्ण झाली आहे, कोणत्या आवृत्तीवर, आणि त्याचं प्रमाणपत्र.
– तपासणी-अहवाल आणि डिस्चार्ज समरी संरचित रूपात जाते की पीडीएफ? आपल्या चाचणी-रुग्णाची एक तयार फाईल द्या. ती आम्ही एचएल-सेव्हनच्या मोफत पडताळणी साधनातून एनआरसीईएसचे नमुने लावून तपासू.
– लॉइंक आणि स्नोमेडशी लावलेली जुळणी-यादी रुग्णालयाच्या मालकीची राहील.
– करार संपल्यावर सगळा डेटा कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात मिळेल.
– संमतीच्या नोंदी आणि कुणी कुठली फाईल उघडली याचा माग आम्हाला स्वतः काढता येईल.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मागणीवर खळखळ होईल. सोडू नका. जुळणी-यादी तुमच्या पॅथॉलॉजिस्टच्या तासांमधून बनते, ती व्हेंडरची होण्याचं काहीच कारण नाही. आणि डेटा बाहेर काढण्याची किंमत करार करतानाच ठरली नाही, तर ती नंतर समोरचा ठरवतो.

लहान नर्सिंग होमला या वाटाघाटींचं बळ नसतं, हे खरं आहे. त्यांनी तालुक्यातल्या किंवा शहरातल्या चार-पाच रुग्णालयांनी मिळून एकच मागणीपत्र द्यावं. डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेत हा विषय मांडता येतो. मुक्त-स्रोत पर्यायही आहे. ओपनएमआरएस या मुक्त-स्रोत वैद्यकीय नोंद-प्रणालीवर बांधलेलं बाहमनी हे सॉफ्टवेअर भारतातच, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयाच्या गरजांतून आकाराला आलं. त्याचा समुदाय खुला आहे.

पायरी सहावी: समुदायात शिरणं

इथे व्यवस्थापनाचा उत्साह कमी होतो. ‘वापरतोय ना, मग सभा कशाला?’ कारण असं, की मानकांतले बदल अर्जांनी आणि मतांनी होतात. लाखात लिहिल्या जाणाऱ्या प्लेटलेट, नुसतं वय सांगणारा रुग्ण, देवनागरीत आणि रोमनमध्ये वेगवेगळं लिहिलेलं नाव या आपल्या अडचणी आपण मांडल्या नाहीत, तर दुसरं कोण मांडणार?

सुरुवात घरापासून, म्हणजे एनआरसीईएसपासून. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सभासद देश आहे, त्यामुळे भारतात वापरण्यासाठी स्नोमेड सीटीचा परवाना मोफत मिळतो. तो संस्थेच्या नावाने घ्या. हे केंद्र प्रशिक्षण देतं, साधनं देतं आणि भारतासाठीचा औषधांचा विस्तारही काढतं. एखादी संकल्पना स्नोमेडमध्ये सापडली नाही किंवा फायरच्या भारतीय नमुन्यात रकाना चुकीचा वाटला, तर विनंती याच केंद्राकडे जाते. पुण्या-मुंबईच्याच काय, कोल्हापूर-नाशिकच्या रुग्णालयालाही हे केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या लोकांना नसलेली ही सोय आपण वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच सुमारास एबीडीएमच्या सँडबॉक्समध्येही (चाचणीसाठीच्या वेगळ्या यंत्रणेत) खातं काढा. एचआयएस व्हेंडरचं असलं तरी तुमच्या तांत्रिक माणसाने तिथे एकदा एक नोंद स्वतः पाठवून पाहावी.

दुसरा टप्पा फायरचा जागतिक चर्चामंच. तो झुलिप या ऑनलाइन गप्पांच्या व्यासपीठावर चालतो, नोंदणी मोफत आहे आणि मानक लिहिणारी माणसं तिथे स्वतः उत्तरं देतात. खऱ्या नावाने आणि संस्थेच्या ओळखीने या. पहिले काही आठवडे नुसतं वाचा. विचारण्याआधी शोधा, कारण बहुतेक प्रश्न आधी विचारले गेलेले असतात. आणि प्रश्न नीट मांडा. ‘आमचा लॅब डेटा जात नाही, मदत करा’ याला उत्तर मिळत नाही. असा विचारा: ‘भारतात प्लेटलेट काउंट लाखात कळवण्याची पद्धत आहे. लॅबने कळवलेला मूळ आकडा राखून ठेवायचा आणि तुलनेसाठी रूपांतरित आकडाही द्यायचा आहे. एकाच निरीक्षणात दोन्ही ठेवावेत, की दोन वेगळी निरीक्षणं करून दुसरं पहिल्यावरून काढलं असं दाखवावं? सोबत काल्पनिक रुग्णाचा नमुना जोडला आहे.’ अशा प्रश्नाला जाणकार माणसं आनंदाने वेळ देतात, आणि त्यातून भारतीय नमुन्यात कुठे स्पष्टीकरण हवं तेही कळतं.

तिसरा टप्पा एचएल-सेव्हनचे कार्यगट. प्रयोगशाळा, रुग्णाची ओळख, औषधं, दावे अशा विषयांवर ते नियमित ऑनलाइन भेटतात आणि ऐकायला कुणीही बसू शकतं. अडचण वेळेची. अमेरिकेच्या दुपारी होणारी सभा आपल्याकडे रात्री उशिरा असते. म्हणून एकच गट निवडा आणि रात्री सभेला बसणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा येण्याची लेखी मुभा द्या. हे व्यवस्थापनाने करायचं काम आहे. ते झालं नाही तर तो माणूस महिन्याभरात गळतो. वर्षातून तीनदा कार्यगटांच्या मोठ्या सभा होतात आणि त्यांच्या जोडीने कनेक्टाथॉन. तिथे वेगवेगळ्या संस्थांचे प्रोग्रॅमर आपापली सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून पाहतात. कागदावर सुबक दिसणारं मानक कुठे अडतं ते तिथे तासाभरात दिसतं.

फायर वापरायला सभासदत्व लागत नाही, ते पूर्ण खुलं आहे. दुरुस्ती सुचवायलाही फक्त त्यांच्या तक्रार-नोंद प्रणालीतलं मोफत खातं पुरतं. मतदानाच्या प्रक्रियेत नियमित भाग घ्यायचा झाला तर सभासदत्वाचा विचार करा, आणि त्याआधी एचएल-सेव्हनच्या भारतीय शाखेशी बोला.

भारतीय मानक ब्युरोचा रस्ता वेगळा आणि फारसा कुणाला माहीत नसलेला आहे. ब्युरोची एमएचडी-१७ ही समिती आरोग्य माहितीशास्त्राची मानकं पाहते आणि आयएसओच्या २१५ क्रमांकाच्या तांत्रिक समितीत भारताची भूमिका तिच्यातूनच ठरते. तिचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले होतात. मसुद्यावर कलमाचा क्रमांक, काय चुकतंय, त्याऐवजी नेमका कोणता मजकूर हवा आणि का, अशा चार रकान्यांत अभिप्राय पाठवा. सीईओंच्या सहीने गेलेल्या अशा पत्राला वजन असतं. एखाद्या जिल्ह्याच्या रुग्णालयाकडून आलेला, प्रत्यक्ष वॉर्डातल्या अडचणीवर बोट ठेवणारा अभिप्राय समितीला मोलाचाच असतो.

लॉइंककडे नवी संज्ञा मागायलाही पैसे पडत नाहीत. पन्नास तपासण्यांचं काम करताना एखादी खरोखरच सापडली नाही तर पद्धत, नमुना आणि एकक लिहून विनंती पाठवा. पण आधी पुन्हा एकदा शोधा. ती बहुधा वेगळ्या नावाने तिथे असते.

पायरी सातवी: तीन महिन्यांनी काय पाहायचं

संचालकांच्या बैठकीत या विषयाला पाच मिनिटांची कायमची जागा द्या आणि तीनच गोष्टी विचारा. पन्नासपैकी किती तपासण्यांना क्रमांक आणि एकक लागलं? गेल्या महिन्यात बाहेर गेलेल्या अहवालांपैकी संरचित किती आणि पीडीएफ किती? समुदायात आपण काय विचारलं, काय उत्तर मिळालं आणि त्यामुळे आपल्याकडे काय बदललं? आभा किती काढले हा आकडा सांगायला सगळे उत्सुक असतात, तो या तिघांच्या नंतर ऐका.

पन्नास तपासण्या झाल्या की डिस्चार्ज समरी घ्या. तिथे काम अवघड आहे, कारण ती वाक्यांत लिहिली जाते आणि प्रत्येक कन्सल्टंटची शैली वेगळी. अंतिम निदान, ॲलर्जी आणि घरी जातानाची औषधं हे तीनच भाग आधी संकेतबद्ध करा, बाकीचा मजकूर वाक्यांतच राहू द्या. सगळं एकदम रकान्यांत कोंबलं तर निवासी डॉक्टर ‘इतर’ हा पर्याय निवडून मोकळे होतात आणि होती तीही माहिती जाते.

नेमलेली दोन माणसं कधीतरी नोकरी बदलणार. त्यासाठी समुदायातली नोंदणी, स्नोमेडचा परवाना आणि सँडबॉक्सचं खातं संस्थेच्या ईमेलवर ठेवा, कुणाच्या वैयक्तिक पत्त्यावर नको. विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं आणि जुळणी-यादीतल्या प्रत्येक निर्णयामागचं कारण एका सामायिक वहीत लिहायला लावा. ‘जेवणानंतरची शुगर म्हणजे दोन तासांनंतरची धरली, पॅथॉलॉजी विभागाशी बोलून’ एवढी एक ओळही पुरते. नवीन येणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात ती वही वाचायला द्या आणि दुसऱ्या आठवड्यात कार्यगटाच्या सभेला जुन्या माणसासोबत बसवा.